ना हेल्मेट, ना पट्टा

सप्टेंबर 2019. सुधारित मोटार वाहन कायद्यातले नवे दंड 1 तारखेपासून लागू झाले होते आणि देशभर पावत्यांच्या बातम्यांना ऊत आला होता. कुणाच्या ट्रकला लाखाच्या पुढे दंड, कुणाच्या स्कूटरला स्कूटरच्या किमतीपेक्षा जास्त. त्या गदारोळात बिहारमधल्या मुझफ्फरपूर जिल्ह्यातून, सरैया भागातून, एक छोटी बातमी आली. एका रिक्षाचालकाला सीट बेल्ट न लावल्याबद्दल 1000 रुपयांची पावती मिळाली होती. रिक्षाला पट्टा नसतो हे पावती फाडणाऱ्याला ठाऊक नसेल असं मानणं कठीण आहे. पण तक्त्यातला आकडा पावतीवर चढला आणि बातमी वाचून देश हसला.

तसं हसण्याचे प्रसंग पुढेही येत राहिले. कधी चारचाकीच्या मालकाला हेल्मेट नसल्याचं ई-चलन मोबाईलवर आलं, कधी रिक्षावाल्याला. नंबर टाकताना एखादा आकडा चुकतो, यादीतून गुन्हा निवडताना बोट एक ओळ खाली जातं, किंवा दुसऱ्याच कुणीतरी आपला नंबर त्याच्या दुचाकीवर रंगवलेला असतो. कारणं अशी साधी असतात. मात्र चलन चुकीचं म्हणून सोडून दिलं तरी त्यातून निघणारा प्रश्न सुटत नाही. मोटारीतल्या माणसाला पट्टा आहे, दुचाकीवरच्या माणसाला हेल्मेट आहे. मग दिवसाचे दहा-बारा तास उघड्या तीनचाकीत बसून, ट्रक आणि बसच्या मधून वाट काढणाऱ्या माणसासाठी कायद्याने नेमकं काय ठेवलं आहे?

कायद्याचं पुस्तक उघडलं तर उत्तर चटकन मिळतं. काहीच नाही.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 129 हेल्मेटचं. ते 'मोटारसायकल'वरच्या माणसाला लागू आहे. मोटारसायकल म्हणजे काय, ते कलम 2 च्या व्याख्यांमध्ये सांगितलं आहे: दोन चाकांचं मोटार वाहन, त्यात काढता-घालता येणारी, एक जादा चाक असलेली साइडकारही आली. 'शोले'तल्या जय-वीरूच्या गाडीला तीन चाकं असली तरी कायद्याच्या लेखी ती मोटारसायकलच. गंमत म्हणजे 1988 च्या मूळ कलमात साइडकारमधल्या माणसाला हेल्मेटमधून सूट होती. 2019 च्या दुरुस्तीत ती सूट गेली, आणि चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही, हेल्मेट आलं. पगडी घालणाऱ्या शिखांची सूट तेवढी कायम राहिली. रिक्षा या व्याख्येत कुठेच बसत नाही. तिसरं चाक काढता येत नाही, एवढ्यावर तिच्या चालकाच्या डोक्याचा प्रश्न निकालात निघतो.

पट्ट्याचं असंच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 125 व्या नियमानुसार उत्पादकाने गाडीत सीट बेल्ट बसवायचा असतो. त्यातून दोन प्रकारची वाहनं वगळली आहेत: मोटारसायकली आणि 500 सीसीपर्यंतच्या इंजिनाच्या तीनचाक्या. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक प्रवासी रिक्षांची इंजिनं या मर्यादेच्या खाली असतात. म्हणजे पट्ट्याचा नियम लिहिताना रिक्षाला मोटारसायकलीच्या पंगतीत बसवलं आणि हेल्मेटचं कलम लिहिताना त्याच पंगतीतून उठवलं.

आणि ही सोयीची वर्गवारी इथेच थांबत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी, रिक्षालाही बंदी. समृद्धी महामार्गावर तेच. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवर तेच. तिथल्या फलकांवर दोघांची चित्रं शेजारी शेजारी फुली मारून उभी असतात. वेगवान वाहनांच्या गर्दीत ही दोन्ही वाहनं सारखीच नाजूक, हे रस्ता बांधणाऱ्यांना बरोबर कळतं.

रिक्षाचा चेहरा पाहिला तर हा घोळ कुठून आला ते समजतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीच्या पियाजिओ कंपनीने कोरादिनो दास्कानियो या अभियंत्याच्या आराखड्यावरून आधी 'व्हेस्पा' स्कूटर काढली आणि 1948 मध्ये तिच्याच मागे दोन चाकांचा हौदा जोडून 'आपे' काढली. ही कल्पना भारतात रुजवण्याचं श्रेय पुण्याच्या नवलमल फिरोदियांना दिलं जातं. सायकलरिक्षा ओढणाऱ्या माणसाची त्या कष्टातून सुटका व्हावी हा त्यांचा आग्रह होता. पुढे बजाज ऑटोने ती घराघरांत पोचवली. छत आलं, काच आली, मागे तिघांचं बाक आलं, इंजिन पुढून मागे गेलं, पेट्रोलचं सीएनजी झालं, आता विजेवरही धावते. पण चालकाच्या हातात सुकाणूचक्र आलं नाही. आजही तो स्कूटरचंच हँडल धरून बसतो. डाव्या मुठीत क्लच, तीच मूठ पिरगाळून गिअर, उजव्या मुठीत रेस, उजव्या पायाखाली ब्रेक. कमरेखाली मोटार, कमरेवर स्कूटर.

याहून उघडे नमुने आपल्याकडे होऊन गेले. दिल्लीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत 'फटफटी' धावायच्या. जुन्या हार्ले-डेव्हिडसन मोटारसायकलींचा पुढचा भाग आणि मागे माणसं बसवायचा सांगाडा. सौराष्ट्रातला 'छकडो' त्याच घराण्यातला. पुढे बुलेटचं तोंड, मागे हौदा, हौद्यात मावतील तेवढी माणसं, कांद्याची पोती आणि दुधाच्या किटल्या. त्याचा चालक तर मोटारसायकलच्याच खोगिरावर बसायचा, समोर काच नाही, डोक्यावर छत नाही. त्याने हेल्मेट घालावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर शहाणा माणूस एका क्षणात देईल. व्याख्येचं पुस्तक मात्र इथेही चाकं मोजत बसतं.

चाकं मोजण्याचा हा छंद फक्त भारताला नाही. फिलिपिन्समध्ये 'ट्रायसिकल' म्हणजे मोटारसायकलला बाजूने जोडलेली प्रवासी टपरी. तिथल्या गावागावांत ती आपल्या शेअर रिक्षासारखी चालते. त्या देशाने 2009 चा हेल्मेट कायदा केला आणि त्यात ट्रायसिकलच्या चालकांना स्पष्ट सूट देऊन टाकली. माणूस मोटारसायकलवरच बसलेला असतो, फक्त शेजारी भाडं बसलेलं असतं. कायद्याच्या कोणत्या तर्काने शेजारच्या भाड्यामुळे त्याचं डोकं कमी फुटतं, हे सांगणं अवघड आहे. गरिबाचा रोजचा धंदा, संघटनांचं बळ, मतं, हे सगळं त्या एका वाक्याच्या सुटीमागे असणार, एवढा अंदाज कुणीही बांधेल.

कॅलिफोर्नियाने वेगळी वाट धरली. तिथे तीनचाकीत हेल्मेट सोडायचं असेल तर गाडी चहूबाजूंनी पूर्ण बंद हवी, किमान 7 फूट लांब, 4 फूट रुंद, रिकामं वजन 900 पौंड म्हणजे साधारण 408 किलो, आणि वाहन सुरक्षेची मानकं पाळणारी. यातला महत्त्वाचा शब्द 'बंद'. चाकं किती हा प्रश्न मागे पडतो. माणसाभोवती कवच आहे की नाही, हे पाहिलं जातं. ब्रिटनमध्ये मोजपट्टी आणखी बारीक. दोन चाकांच्या जमिनीला टेकणाऱ्या बिंदूंमधलं अंतर 460 मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर ती दोन चाकं मिळून एकच धरायची. त्यामुळे पुढे दोन चाकं असलेली स्कूटर त्या अंतराच्या अलीकडे मोटारसायकल ठरते आणि पलीकडे तीनचाकी. पियाजिओनेच आपल्या 'एमपी 3' स्कूटरची एक आवृत्ती पुढच्या चाकांमधलं अंतर वाढवून काढली, म्हणजे युरोपातल्या मोटारीचा परवाना असलेल्यांना ती चालवता यावी. कायदा चाकं मोजतो म्हटल्यावर कारखानदारही पट्टी घेऊन बसणारच.

आता प्रत्यक्ष अपघाताकडे वळू.

तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, पण तिच्या एका कडेवर भार दिला की चटकन कलंडते. रिक्षाचं चाक पुढे एक, मागे दोन. वळणावर वजन बाहेरच्या बाजूला ढकललं जातं. त्याच वेळी ब्रेक दाबला तर ते पुढेही सरकतं. पुढे बाहेरच्या कोपऱ्यावर टेकायला चाकच नसतं. म्हणून वेगात घेतलेलं वळण आणि मध्येच लावलेला ब्रेक या दोन गोष्टी एकत्र आल्या की रिक्षा आडवी होते. ही कलंडण्याची प्रवृत्ती किती हुकमी आहे याचा पुरावा गिनेस बुकातही सापडतो. फेब्रुवारी 2011 मध्ये चेन्नईच्या एका रिक्षाचालकाने मुंबईत जुहूच्या विमानतळावर रिक्षा एका बाजूला उचलून, दोनच चाकांवर, 2.2 किलोमीटर चालवून विक्रम केला. आणि सांगलीजवळच्या हरिपूरला संगमेश्वराच्या यात्रेनिमित्त उलट्या रिक्षांची शर्यत भरते. रिव्हर्स गिअरमध्ये, मान मागे वळवून, भन्नाट वेगात. उलटं चालवताना दोन चाकं पुढे येतात, त्यामुळे रिक्षा त्या क्षणापुरती जास्त शहाणी होते असं म्हणायला हरकत नाही. चालवणाऱ्याबद्दल तसं म्हणवत नाही.

समोरासमोरच्या धडकेत गोष्ट वेगळी. चालकाचे गुडघे आणि समोरचं वाहन यांच्यामध्ये पातळ पत्रा आणि दिवा असतो. मोटारीला लांब बॉनेट असतं, ते चुरगळतं आणि धक्का खातं. रिक्षात चुरगळायला जागाच नाही. चालकाची छाती हँडलवर जाते, डोकं काचेच्या वरच्या चौकटीवर. मागच्या प्रवाशांचं तोंड चालकामागच्या त्या आडव्या दांडीवर आदळतं, जी एरवी धरायला म्हणून असते. दिल्लीच्या आयआयटीत रस्ता-सुरक्षेवर आयुष्यभर काम केलेले दिनेश मोहन आणि त्यांचे सहकारी मुखर्जी आणि गावडे यांनी 2007 मध्ये या तीनचाकीच्या धडकेचा संगणकावर अभ्यास करून निबंध लिहिला. आतल्या टणक जागांवर मऊ अस्तर, बांधणीतले बदल अशा सुधारणांचा विचार त्यात होता. मोटारीतल्या एअरबॅगच्या मानाने अस्तर ही कवडीमोलाची गोष्ट. कोणत्याही गॅरेजवाल्याला दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत करता येईल अशी. तरी रिक्षा स्टँडवर उभ्या रांगेत डोकावून पाहावं. दांडीला फोमचं वेष्टण क्वचित सापडेल. गाद्यांना मखमल सापडेल, स्पीकर सापडतील, निळे दिवे सापडतील.

मग रिक्षावाल्याने हेल्मेट घालावं का? चाकं मोजायची नाहीत म्हटलं की उत्तर 'हो' यायला हवं. पण ते तितकं सरळ नाही. आपल्याकडच्या हेल्मेटचं मानक, आयएस 4151, दुचाकीस्वारासाठी लिहिलेलं आहे. दुचाकीवरून माणूस फेकला जातो आणि त्याचं डोकं थेट रस्त्याशी भिडतं. रिक्षाचालक बहुतेक वेळा आतच आदळतो. हेल्मेटने कपाळ वाचेल, छाती आणि गुडघे वाचणार नाहीत. शिवाय मे महिन्यात अकोल्याला, ताडपत्रीच्या छताखाली, मागून येणाऱ्या गरम हवेत, सकाळपासून रात्रीपर्यंत बंद हेल्मेट घालून माणूस कितपत सावध राहील? मागून प्रवासी सांगणार, 'पुढच्या गल्लीत डावीकडे घ्या.' बाजूने घुसणाऱ्या दुचाकीचा हॉर्न ऐकू यायला हवा. दुचाकीवाला वीस मिनिटांत घरी पोचतो आणि हेल्मेट खुंटीला लावतो. रिक्षावाल्याचं ते कामाचं ठिकाण आहे.

आणि महाराष्ट्राला हेल्मेटसक्तीचा इतिहास आहेच. 2016 मध्ये परिवहनमंत्री दिवाकर रावते यांनी 'हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही' ही घोषणा केली; पंपचालकांपासून विरोधकांपर्यंत सगळे तुटून पडले आणि ती मागे पडली. जानेवारी 2019 मध्ये पुण्यात पोलिसांनी सक्ती सुरू केली तेव्हा हेल्मेटविरोधी मोर्चा निघाला. मान दुखते, केस गळतात, शहरात वेगच कुठे असतो: पुणेकरांनी मांडला नाही असा युक्तिवाद उरला नसेल. नोव्हेंबर 2024 मध्ये राज्याच्या वाहतूक पोलिसांनी मागे बसणाऱ्यावरही वेगळी कारवाई करण्याचे आदेश दिले, तेव्हा तीच रेकॉर्ड पुन्हा वाजली. ज्या राज्यात दुचाकीवर, जिथे हेल्मेटचा उपयोग निर्विवाद आहे तिथे, एवढी हुज्जत. तिथे रिक्षात हेल्मेट आणण्याच्या भानगडीत कुणी पडू नये. त्याआधी करायच्या गोष्टी बऱ्याच आहेत, आणि पहिली कायद्यात आधीपासून लिहिलेली आहे.

ती म्हणजे चौथी सीट.

कल्याण-डोंबिवलीत संध्याकाळची लोकल रिकामी होते तेव्हाचं दृश्य ठाणे जिल्ह्यातल्या कुणालाही वर्णन करून सांगावं लागणार नाही. शेअर रिक्षात मागे तिघे बसतात. रिक्षा सुटत नाही. चालक मान बाहेर काढून हाक देतो, 'एक सीट, एक सीट.' चौथा येतो. चालक स्वतःच्या जागेवर उजवीकडे सरकतो, इतका की त्याची मांडी जवळजवळ गाडीबाहेर असते. चौथा डावीकडे टेकतो, एक हात मागच्या दांडीवर, पिशवी गुडघ्यावर. आता रिक्षा डावीकडे वळायला लागली की हँडलचं डावं टोक मागे येतं आणि ते येतं नेमकं चौथ्याच्या पोटाशी. तो श्वास आत घेतो, कंबर वळवतो, तेव्हा कुठे वळण पुरं होतं. क्लच त्याच मुठीत, गिअर त्याच मुठीत. अचानक समोर कुणी आडवं आलं आणि हँडल झटक्यात वळवायचं झालं तर मध्ये एका माणसाचं पोट आहे.

याला कायदा आहे. कलम 125 सांगतं की चालकाला वाहनावर ताबा ठेवायला अडथळा होईल अशा रीतीने त्याने कुणालाही बसू देऊ नये, काही ठेवू देऊ नये. परवान्यापेक्षा जास्त प्रवासी भरले तर कलम 194 ए आहे: जादा माणशी 200 रुपये आणि जादा माणसं उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही. ज्या हेल्मेटचा रिक्षाशी संबंध नाही त्याचा कायद्यातला दंड 1000 रुपये. जी चौथी सीट उघड्या डोळ्यांनी दिसते तिचा 200. मुझफ्फरपूरच्या पावतीवर हसताना हे गणितही हसण्यासारखं आहे.

चौथी सीट निव्वळ मस्ती म्हणून भरली जात नाही, हेही खरं. बरेच चालक मालक नसतात. गाडी शिफ्टवर असते, मालकाचे ठरलेले पैसे संध्याकाळी द्यावे लागतात, धंदा होवो न होवो. 2017 मध्ये राज्याने परवान्यांवरची मर्यादा उठवली आणि रांगा लांबल्या. फेब्रुवारी 2025 मध्ये मुंबई महानगरात मीटरचं किमान भाडं 23 वरून 26 रुपये झालं, पण शेअर रिक्षाचा हिशोब मीटरवर नाही, सीटवर चालतो. रांगेत थांबून मिळालेल्या फेरीत चौथी सीट ही चालकाची हातातली कमाई असते. तीन सीटची बहुतेकशी गॅस, हप्ता आणि मालक यांत जाते. प्रवाशाचाही यात हात आहे. पावसात, रात्री नऊला, रांगेत पंचवीसावा उभा असलेला माणूस 'एक सीट' ऐकून तत्त्व सांगत बसत नाही. पश्चिम महाराष्ट्रात वडापच्या जीपला लोंबकळून शाळा-कॉलेज केलेल्या पिढीला तर हा धोका धोका वाटतही नाही.

सरकारला रिक्षावाल्याच्या अंगावरच्या कपड्यांची काळजी मात्र भरपूर आहे. खाकी गणवेश, परवानाधारक स्वतः चालवत असेल तर पांढरा, छातीवर बिल्ला. मीटरवर सील हवं, पीयूसी हवी, वेळच्या वेळी पासिंग हवं. पासिंगला ब्रेक, दिवे, हॉर्न तपासतात. चालकाचं कपाळ जिथे आदळेल ती चौकट बोटाने दाबून पाहायची अट त्या तपासणीत कुणी घातलेली नाही.

यावर एक उत्तर बजाजनेच काढून पाहिलं होतं. 2012 च्या वाहन प्रदर्शनात त्यांनी छोटी चारचाकी दाखवली, पुढे तिचं नाव 'क्यूट' झालं. टणक छत, दारं, पट्टे, सुकाणूचक्र. क्वाड्रिसायकल हा नवा वर्ग करावा लागला, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि गाडी महाराष्ट्राच्या रस्त्यावर यायला 2019 उजाडलं. दरम्यान युरो एनकॅपने 2016 मध्ये तिची धडक-चाचणी घेऊन एक तारा दिला, तेव्हा बरीच टीका झाली. उघड्या रिक्षाची तशी चाचणी घेतली तर किती तारे मिळतील हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. रिक्षा स्टँडवर 'क्यूट' फारशी दिसत नाही. किंमत आणि परवान्याची गणितं रिक्षाच्याच बाजूने राहिली.

चाकं मोजण्याचा फटका आणखी एका गटाला बसतो, त्याची चर्चा तर जवळजवळ होतच नाही. अपंग व्यक्तींसाठी स्कूटरच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडून देतात. अशा हजारो गाड्या राज्यभर आहेत. माणूस स्कूटरवरच बसलेला, डोकं संपूर्ण उघडं. पण कलम 2 मधली मोटारसायकल दोन चाकांची, फार तर साइडकारच्या एका जादा चाकाची. दोन जादा चाकं लावलेली स्कूटर त्या व्याख्येत बसते की नाही, यावर वकील हवा तेवढा वाद घालू शकतील. रिक्षाच्या बाबतीत हेल्मेटविरुद्ध जी कारणं आहेत, म्हणजे छत, बारा तासांचं काम, मागचा प्रवासी, त्यांतलं इथे एकही लागू नाही. इथे हेल्मेट हवंच, आणि ते कलमात नि:संदिग्ध लिहायला एक ओळ पुरे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय दरवर्षी अपघातांचा अहवाल काढतं. 2022 च्या अहवालात देशभरात 1,68,491 मृत्यू नोंदले आहेत. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले 50,029, पट्टा न लावलेले 16,715. रिक्षात दगावलेल्यांचा आकडा वाहनांच्या तक्त्यात वेगळा मिळतो, पण तो फक्त आकडा असतो. चालक छातीच्या माराने गेला की डोक्याच्या, गाडी कलंडली होती की धडकली होती, पुढच्या सीटवर चालकाशेजारी कुणी होतं का, हे त्यातून कळायला मार्ग नाही. आता अपघाताची माहिती पोलीस जागेवरूनच 'आयरॅड' या संगणकीय नोंदवहीत भरतात. ती उभी करण्यात मद्रासच्या आयआयटीचा मोठा वाटा आहे. तिथे तीनचाकी निवडल्यावर एक जादा प्रश्न यावा: चालकाच्या सीटवर चालकासकट किती जण बसले होते? दोन-तीन वर्षांची उत्तरं हाताशी आली की 200 रुपयांचा तो आकडा बदलायचा का, आणि स्टेशनबाहेरच्या रांगेत संध्याकाळी सात ते दहा पोलीस उभा करायचा का, यावर बोलता येईल.